चहाचे डाग

नसीमबानूंनी तोंड उघडलं, पण दार किलकिलं करून बाहेर कोण आहे ते बघावं, तेवढंच.

"अम्मी, अजून," शाइस्ता म्हणाली.

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात दुपारचं कुणी येत नाही. त्या वेळेत पेठेतले लोक दुखऱ्या दाढेलाही झोपायला लावतात. म्हणून डॉक्टर पद्मजांनी तालमीसाठी हीच वेळ दिली होती. शाइस्ता बारावीनंतर त्यांच्याकडे अपॉइंटमेंटचं काम बघत होती आणि आता तिला डेंटल हायजिनिस्टच्या कोर्सला अर्ज करायचा होता. अर्जासोबत दातांच्या डॉक्टरांची शिफारस लागत होती. डॉक्टरांनी ती अशीच द्यायला नकार दिला. आधी घरातलं एक माणूस खुर्चीत बसव, म्हणाल्या, त्याचं तोंड बघ आणि जे दिसेल ते त्याला समजेल असं सांग. जमलं तर सही, नाही तर पुढच्या वर्षी.

घरात तिच्याशिवाय माणसं तीनच. अब्बूंना पूर्ण कवळी, त्यामुळे ते सुटले. भाऊ फैज अभ्यास आहे म्हणाला, जो त्याला एरवी कधी नसतो. राहिल्या नसीमबानू. बिबवेवाडीहून रिक्षात येताना त्या एकदाच बोलल्या, की फार आतपर्यंत बघत बसू नकोस.

शाइस्ताने छोटा आरसा आत फिरवला. खालच्या दातांच्या मुळाशी काळपट तपकिरी थर होता.

"हे डाग कशाचे?" स्टुलावर बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"चहाचे. अम्मी खूप चहा पिते."

नसीमबानूंनी आरशासकट होकाराची मान हलवली.

"पावडर कुठली ते विचारून घे," डॉक्टर म्हणाल्या. "आमच्या चहाला असा रंग येत नाही."

शाइस्ताचे कान तापले. चहा नव्हताच तो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना चोळत बसायचं, ती मशेरी होती. नसीमबानू ती रोज सकाळी लावायच्या. पण घरात तो शब्द कुणी काढत नसे. सगळे मंजन म्हणायचे. भाजताना ठसका लागला की खिडक्या उघडायच्या आणि आल्यागेल्याला मिरच्या भाजतोय म्हणून सांगायचं. हे खोटं शाइस्ताच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की डॉक्टरांनी वाचायला दिलेल्या पुस्तकातला तंबाखूचा धडा पाठ करतानाही तिला आपलं घर आठवलं नव्हतं.

"आता खालचा ओठ," डॉक्टर म्हणाल्या.

तिने ओठ हलकेच खाली ओढला. आत, बोट रोज जिथे टेकत असणार तिथेच, एक पांढुरका चट्टा होता. कापसाने पुसून पाहिला, गेला नाही. शाइस्ता घाबरली. पुस्तकात याचं चित्र होतं आणि चित्राखाली काय लिहिलंय तेही तिला माहीत होतं. तिने डॉक्टरांकडे वळून ते लांबलचक इंग्रजी नाव सांगायला सुरुवात केली.

"मला नको सांगूस," डॉक्टर म्हणाल्या. "मला दिसतंय. खुर्चीत ज्या बसल्यात, त्यांना सांग."

शाइस्ताने आरसा ट्रेमध्ये ठेवला. आईच्या डोळ्यांत बघणं जमेना, म्हणून तिने आधी ओढणीकडे बघितलं. मग वर बघितलं.

"अम्मी, चहा नाही. मशेरी आहे ती. म्हणजे तंबाखूच. तुझ्या ओठाच्या आत चट्टा आलाय. आत्ता सोडलीस तर तो जाऊही शकतो. नाही सोडलीस तर त्याच जागी वाईट काही होऊ शकतं."

अम्मी रागावणार असं शाइस्ताला वाटलं, कारण घरातलं झाकलेलं तिने बाहेरच्या बाईंसमोर काढलं होतं. नसीमबानू रागावल्या नाहीत. त्यांनी ओढणीच्या टोकाने सावकाश तोंड पुसलं आणि विचारलं, "हे सहीसाठी बोलतेस, की माझ्यासाठी?"

शाइस्ताने खरंच क्षणभर विचार केला.

"बसले होते सहीसाठी," ती म्हणाली. "चट्टा दिसला आणि सही विसरले."

नसीमबानूंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. डॉक्टरांनी मग आपलं थोडक्यात सांगितलं. चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू, बहुतेक वेळा तसं काही निघत नाही, पण आपण तपासायचंच, आणि मशेरी आजपासून बंद. नसीमबानू प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिल्या. डॉक्टरांनी टेबलावरचं लेटरहेड जवळ ओढलं आणि शिफारस लिहायला घेतली. शाइस्ताला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. काहीतरी करायचं म्हणून तिने खुर्ची सरळ करायचं बटण दाबलं.

खुर्ची सरळ झाली तरी नसीमबानू उतरल्या नाहीत.

"सकाळी जिन्यात आम्ही चौघी शेजारणी बसतो लावायला," त्या म्हणाल्या. "त्या तिघींनाही तूच सांग. माझं नाही ऐकायच्या त्या."

का नाही ऐकणार, असं शाइस्ताने विचारलं.

"त्यांना मीच शिकवलं."