फुलीखालचा गोल

सियू-गिमने बॅटरी लावली, पेटीतलं पहिलं अंडं न कलंडवता सरळ वर उचललं, आणि त्याच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने काढलेला गोल तिला दिसला.

माथ्यावरची फुली तिचीच होती. आ-थोने, त्यांच्या पाळलेल्या कासवीने, अंडी घातली त्या सकाळी तिने एकेका अंड्यावर फुली काढून ती या थर्माकोलच्या पेटीत, ओलसर मातीत मांडली होती. गोल मात्र तिचा नव्हता. तिने दुसरं अंडं उचललं. गोल. तिसरं. गोल.

“अहो, हे कुणी काढलं?”

तिचा नवरा थियाम-होक दारात चहाची वाटी घेऊन उभाच होता. या प्रश्नाची तो किती दिवस वाट पाहत होता.

“कुणी म्हणजे? अख्ख्या पिंगतुंग जिल्ह्यात अंडं कळणारी माणसं उरलीत किती?”

तसं ते खोटं नव्हतं. यंत्राविना, भाताच्या गरम केलेल्या तुसात नि गोधडीत अंडी गुंडाळून त्याने जन्मभर बदकं उबवली होती. ऊब किती झाली हे तो अंडं पापणीला लावून सांगायचा. लोक म्हणायचे, थियाम-होकच्या हातात गुळगुळीत गोटा द्या, महिन्याभरात तो पंख फडफडवेल. एका बाईने खारवायला नेलेली अंडी त्याने नुसती मोजून दिली, तर बरणीतून क्वॅक क्वॅक ऐकू आलं, अशीही एक गोष्ट होती. ती त्यानेच पसरवली होती.

“तू काम अर्धंच ठेवलं होतंस,” तो वाटीत फुंकर घालत म्हणाला. “फुली काढलीस, गोल विसरलीस. सकाळी तू देवळात गेलीस की मी गोल वर करायचो. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, तू पिशव्या घेऊन पळालीस, की पुन्हा फुली वर. एक दिवस खाडा नाही! पिलं निघाली की सांगणार होतो.”

सियू-गिम हळूच स्टुलावर बसली.

“फुली कशाला काढतात, माहीत आहे?”

“अंडं फिरवलं की नाही ते कळायला. शेंबडं पोरही सांगेल.”

“फिरवू नये म्हणून काढतात. घातलं तसंच राहू द्यायचं. कासवाचा जीव आत वरच्या अंगाला जाऊन चिकटतो.”

“चिकटतो!” त्याला हसू फुटलं. “अगं बाई, चिकटू नये म्हणूनच तर फिरवायचं असतं!”

“बदकाचं चिकटलं की मरतं हो,” ती म्हणाली. “कासवाचं चिकटूनच जगतं.”

थियाम-होकचं हसू ओठांवर तसंच राहिलं, ते काढून कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं. त्याने वाटी खिडकीत ठेवली आणि तिच्या हातातली बॅटरी घेतली.

त्याने पहिल्या अंड्याखाली उजेड धरला. आत सगळं पिवळं, आणि मधे लाल रेषेचं एक कडं, वाढता वाढता थांबलेलं. असलं कडं त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

“गेलं,” तो म्हणाला.

दुसऱ्यालाही तेच म्हणाला. पुढची नुसती लाल वाडग्यात ठेवत गेला. वाडगा आ-थोचा होता. त्यात ती रताळ्याचा पाला खायची. अंडी घालून झाली आणि आठवड्यातच ती गेली, अंगणातल्या पेरूखाली पुरली. या घरात दोघांनी मिळून वाढवलेलं ते एकच लेकरू.

“मला एकदा विचारायचं तरी,” सियू-गिम म्हणाली.

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”



पेटीच्या कोपऱ्यात एकच अंडं उरलं. ते एका बाजूला चेपलेलं होतं. थियाम-होक त्याच्याकडे पाहून ओशाळला.

“त्याला गोल नाही,” तो म्हणाला. “बदकाचं असतं तर कुत्र्याला घातलं असतं. वाया गेलेलं म्हणून मी हातसुद्धा लावला नाही.”

सियू-गिमने बॅटरी ओढून घेतली. अंडं न उचलता बाजूची माती बोटाने सारली आणि उजेड कवचाला टेकवला. आत लाल धागे पसरले होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे. त्यांच्या मधे एक ठिपका हलत होता. थांबत होता, पुन्हा हलत होता.



“आ-थोचं एवढंच उरलं,” ती म्हणाली. तिने माती पुन्हा सारखी केली.

“आता काय करायचं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे? पाणी? गोधडी?”

“काही नाही म्हणजे काही नाही. जमेल?”

थियाम-होकने आपल्या हातांकडे पाहिलं. मग तो पेटीपाशी गुडघ्यांवर बसला. उजवा हात सवयीने पुढे गेला, अंड्याच्या वर वीतभर अंतरावर थबकला, मागे आला. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले, आणि मान वाकवत, वाकवत, डोळा मिटून पापणीच खाली अंड्याला टेकवली.

“थंड लागतंय गं,” तो पुटपुटला. “फार थंड.”

“असू दे.”

“जरा ऊब दिली तर—”

“असू दे म्हटलं ना.”

त्याच्या पाठीशी बसून सियू-गिमने त्याची दोन्ही मनगटं घट्ट धरून ठेवली होती.