मागच्या दाराची कडी

घर विकून ताबा देताना म्हाताऱ्या मालकाने सुताराला विनवलं होतं, "मागच्या दाराला कडी लावू नका." 'बरं' म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी पितळी कडी बसवली. महिन्याभराने मागची खोली पाडायची परवानगी काढताना वकीलबाईंनी जुना दस्त वाचला. "या खोलीत मालकाच्या बहिणीला मरेपर्यंत राहायचा हक्क आहे. चाळीस वर्षांपूर्वी रुसून गेली म्हणे. मृत्यूची नोंद नाही. घर तुमचं, खोली तिची." "आता कसली येतेय!" बायको हसली. सुताराला मात्र आठवलं. गेल्याच आठवड्यात, भर दुपारी, कुणीतरी ते दार बाहेरून दोनदा ढकललं होतं. हाक नाही, टकटक नाही, आपल्याच घराचं ढकलावं तसं. खिडकीतून बोचकं घेतलेली पाठमोरी म्हातारी दिसली होती. कडी त्याने उपटली. आता वाऱ्याने दार हललं तरी त्याचा रंधा थांबतो, "या मावशी, उघडंच आहे."