इंदुमतीकाकूंची बागेश्री

"ही बंदिश कुणाची?" शाल्मलीने विचारलं. शेजारच्या इंदुमतीकाकू मटार सोलता सोलता बागेश्री गुणगुणत होत्या, आणि इतकी वर्षं मैफिली गाजवणाऱ्या शाल्मलीने ते बोल कधीच ऐकले नव्हते.

"माझीच," काकू ओशाळल्या. "लग्नाआधी रचलेली. अशा पुष्कळ होत्या. सासरी गाणं चालत नव्हतं, मग मनातच राहिल्या."

शाल्मलीने ती बंदिश तिथेच बसून शिकून घेतली. मिरजेच्या मैफिलीत गाण्याआधी तिने रचनाकार म्हणून काकूंचं पूर्ण नाव सांगितलं. अंतऱ्याला सभागृहाने भरभरून दाद दिली. पहिल्या रांगेतल्या काकू मात्र मान खाली घालून बसल्या होत्या. आपण यांचं मन दुखावलं की काय, या धास्तीने शाल्मलीच्या पुढच्या गाण्यातला जीवच गेला.

मैफल संपताच ती धावत त्यांच्याकडे गेली. "काकू, चुकलं का माझं काही?"

"नाही गं बाई." काकूंनी डोळे पुसले. "मला वाटायचं, हे सगळं माझ्याबरोबरच जाणार." मग तिचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. भैरवातली एक आहे. अंतरा विसरलेय, तो आपण दोघी मिळून बांधू."