तिघांचा डाव

"सिस्टर, पाणी," तो म्हणाला. त्याच्या बायकोने मुकाट्याने बाटलीचं झाकण उघडून दिलं.

दोन घोट घेऊन त्याने बाटली मास्तरणीपुढे धरली. "घे गं. ऊन चढलंय."

मास्तरणीला तहान नव्हती. तरी ती सावकाश, धाकटीकडे बघत प्यायली.

निवृत्तांच्या त्या वसाहतीत आता सगळेच त्या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत, अर्थात पाठीमागे. मास्तरीण थोरली. शाळेतली नोकरी संपल्यावर तिने इथे दोन खोल्या घेतल्या होत्या आणि वेळ जावा म्हणून गोल्फ शिकली होती. गेल्या हिवाळ्यात समोरच्या घरात एक जोडपं राहायला आलं. बघते तर काय, तिचाच नवरा, तिला टाकून गेलेला. आणि सोबत, जिच्यासाठी टाकलं ती. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरणीने दार लावून घेतलं.

पण दुसऱ्याच दिवशी तो क्लबच्या व्हरांड्यात तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "अगं, होतीस कुठे? घरभर शोधतोय तुला."

त्याच्या डोक्यातली मधली सगळी वर्षं पुसली गेली होती. धाकटी त्या वर्षांबरोबरच गेली. घरात वावरणारी ही बाई कोण, तर नर्स असणार, असं त्याने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. त्यांना उलट बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मास्तरणीला एक शब्दही खोटा बोलावा लागला नाही. रोज सकाळी ती त्याच्याबरोबर खेळायची. तो 'अगं' म्हणायचा, ती 'अहो' म्हणायची, आणि मागून धाकटी काठ्यांची पिशवी ओढत यायची. मास्तरणीला हल्ली जेवण गोड लागत होतं.

आज त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. तो खाली उतरून वाळू उडवत राहिला, तशी धाकटीने पिशवी खाली ठेवली.

"ताई, एकदा तरी सांगा ना त्यांना, मी कोण ते. तुमचं ऐकतील."

"कोण आहेस तू?" मास्तरीण म्हणाली. "मलाही कुणी सांगितलं नव्हतं. कपाट उघडलं, त्यात त्याचे कपडे नव्हते, तेव्हा कळलं."

"मला खोलीबाहेर काढतात हो. परक्या बाईसमोर कपडे बदलणार नाही म्हणतात."

"संस्कार चांगले आहेत त्याचे. तेव्हा कुठे शेण खायला गेले होते कोण जाणे."

धाकटीने पुन्हा पिशवी उचलली.

तेवढ्यात चेंडू उडून वर हिरवळीवर आला, खळग्यापासून हातभर अंतरावर. तोही धापा टाकत, खूश होऊन वर आला. धाकटीने खळग्यातला झेंडा काढून हातात धरला. त्याने काठी टेकवली, नेम धरला, पण मारलं नाही.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," तो चेंडूकडे बघत म्हणाला. "बरेच दिवस धीर होत नाहीये."

"सांगा."

"ऑफिसात एक मुलगी आहे. नकाशे काढते. हसली की एका गालाला खळी पडते तिच्या. माझं मन थाऱ्यावर नाही गं. काय करू? तू म्हणशील तसं करीन."

धाकटीच्या हातातला झेंडा हलला. ती रडत होती आणि हसतही होती, आणि सुरकुत्यांच्या जाळ्यातून एका गालावर ती खळी उमटली होती. तिने मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरणीने नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं.

या प्रश्नाची उत्तरं मास्तरणीने आयुष्यभर घोकली होती. शिव्या होत्या, विनवण्या होत्या, लेकीची आण होती. प्रश्न मात्र कुणी विचारलाच नव्हता. आता तो मान खाली घालून समोर उभा होता, आणि विचारत होता.

"विसरून जा तिला," ती म्हणाली.

डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा त्याचा चेहरा मोकळा झाला. "बरं झालं बाई, तुला विचारलं." त्याने चेंडूला हलकेच टोला दिला. चेंडू घरंगळत खळग्यात पडला.

"अहो!" धाकटी पुढे झाली. "मीच ती. बघा ना माझ्याकडे. मीच!"

त्याने तिच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, सौजन्याने. खाली वाकून चेंडू उचलला.

"सिस्टर, तेवढा झेंडा लावा. मागचे लोक खोळंबलेत."

आणि मास्तरणीच्या कोपराला धरून तो पुढे निघाला. थोडं चालून मास्तरणीने मागे वळून पाहिलं. धाकटी दोन्ही हातांनी झेंड्याची काठी खळग्यात बसवायला बघत होती. काठी कडेला लागत होती, घसरत होती, पुन्हा गवतात रुतत होती. पायाशी असलेला खळगा तिला काही केल्या सापडत नव्हता.

"चल ना गं," तो म्हणाला.

मास्तरीण जागची हलली नाही. हे तिला डोळे भरून पाहायचं होतं.