घाईतले मालक

“वहिनी, गाडी इथेच लाव! अख्खी काच गेलीय बघ!”

गाडी नीट थांबायच्या आतच नणंदेने खाली उडी मारली. ट्रकच्या धडकेने घड्याळांच्या दुकानाच्या दर्शनी काचेचा फुटपाथवर चुरा झाला होता. बाजाराला आज सुट्टी, शेजारची दुकानं बंद. पण बघ्यांना कुठली सुट्टी? त्यांना मागे रेटता रेटता एकटा वाहतूक पोलीस घामाघूम झाला होता. त्यानेच या दोघींना फोन केला होता.

फुटलेली दुकानं फळ्या ठोकून बंद करून द्यायची, हा नणंद-भावजयीचा नवाकोरा धंदा. आणि पहिलंच मोठं काम कुठे, तर बाजार संघटनेच्या अध्यक्षांच्या दुकानात! काम पसंत पडलं तर अख्खा बाजार यांच्याकडे येणार. फसलं तर दोघी पुन्हा घरी.

आत एक गृहस्थ काचा झाडत होते. अशा गडबडीत कागदपत्रं कोण विचारत बसतं? ज्याच्या हातात झाडू तो मालक, हा दोघींचा साधा हिशोब.

“साहेब, काळजी करू नका,” वहिनी म्हणाली.

“काळजी कसली? तुम्ही आलात ना!” ते हसले. “फक्त घाई करा. एवढा माल उघड्यावर, आणि लोकांची नजर काही बरी नाही.”

मग काय, दोघींच्या अंगात वारंच संचारलं. नणंद ओरडून मापं सांगत होती, वहिनी फळ्या कापत होती, ड्रिल घरघरत होतं. साहेबांनीही आतून फळीला खांदा दिला.

“एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही!” नणंद वहिनीच्या कानात कुजबुजली.

शेवटची फळी उरली.

“साहेब, आता बाहेर या. एकदा ठोकल्या की आमच्या फळ्या आतून उघडत नाहीत.”

“ठोका बिनधास्त. मला जरा आवराआवर करायचीय. मी जाईन मागच्या दाराने.”

शेवटचा स्क्रू घट्ट बसला. पोलिसाने फळीवर लाथ घालून पाहिली, ती तसूभर हलली नाही. गर्दीने टाळ्या वाजवल्या. नणंदेने भर रस्त्यात वहिनीला मिठी मारली. दोघींचा आनंद गगनात मावेना.

तेवढ्यात एक बाई टॅक्सीतून उतरून धावत आल्या. हातात किल्ल्यांचा जुडगा होता.

“मी संघटनेची अध्यक्ष, दुकान माझंच. काय झकास काम केलंत हो! माझा तर जीव टांगणीला लागला होता.”

वहिनीने हातातलं ड्रिल खाली ठेवलं.

“मग... आतले साहेब?”

“कोण साहेब?”

“आवराआवर करतायत. म्हणाले, मागच्या दाराने जाईन.”

बाईंनी फळ्यांकडे पाहिलं. मग पोलिसाला जवळ बोलावलं.

“मागचं दार?” त्या शांतपणे म्हणाल्या. “ते बाथरूमचं आहे.”