ऐकणारा एकच

“व्हायरस वगैरे काही नसतं, डॉक्टर. एसीची सर्दी असते. हीटर वाढवा, खलास!” मुरलीधर म्हणाले आणि सगळे हसले.

साप पाळणाऱ्यांचा हा ग्रुप महिन्यातून एकदा दुबईत अल क्वोजमधल्या एका गोदामात जमायचा. डॉक्टर विभावरी तिथे पहिल्यांदाच आली होती. महिन्याभरात तिच्या क्लिनिकमध्ये चार अजगर दगावले होते. चौघांच्याही तोंडाला फेस, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. लॅबने चारही वेळा एकच सांगितलं होतं: फुप्फुसांचा संसर्ग. एकाचा दुसऱ्याला होणारा आणि औषध नसलेला.

“घशातून एक स्वॅब घेऊ द्या. कोणाला झालाय ते कळेल, बाकीचे तरी वाचतील.”

“और पॉझिटिव्ह आया तो? आमच्याकडची पिल्लं मग कोण घेणार?” मागून कोणीतरी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मेसेज फिरला. घाबरवून गिऱ्हाईक जमवणाऱ्या डॉक्टरपासून सावध राहा. क्लिनिकमध्ये साप येणं बंदच झालं.

आठवड्याने लॅन्सी आला. मूळचा वसईचा, पन्नाशीचा, एका हॉटेलात बँक्वेट सांभाळणारा. मीटिंगमध्ये एका कोपऱ्यात गप्प उभा होता, एवढंच तिला आठवलं.

“डॉक्टर, माझ्याकडे तीस आहेत. सगळ्यांचे स्वॅब घ्या. फक्त ग्रुपमध्ये बोलू नका, प्लीज.”

विभावरीला इतकं भरून आलं की तिने त्याला बसा म्हणायच्या आधी थँक्यू म्हटलं.

सहा पॉझिटिव्ह निघाले. लॅन्सीने कागदावरच्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

“यातली दोन माझ्यासमोर अंड्यातून बाहेर आलीत, डॉक्टर.”

“लगेच मरतील असं नाही. काही तर वर्षानुवर्षं धडधाकट दिसतात. पण बाकीच्यांजवळ ठेवायचे नाहीत. आणि विकायचे तर अजिबात नाहीत.”

“विकणार नाही. शपथेवर सांगतो.”

त्यानंतर तो दर आठवड्याला फोन करायचा. कुठलं जंतुनाशक? पाण्याची भांडी किती वेळ बुडवायची? हातमोजे कधी बदलायचे? विभावरी एकेक समजावून सांगायची आणि तो लिहून घ्यायचा. पुढच्या पाच महिन्यांत तीनदा तपासणी झाली. तिन्ही वेळा चोवीसच्या चोवीस साप स्वच्छ.

नाव झाकून तिने ते रिपोर्ट ग्रुपमधल्या दोघांना दाखवले. मग ते दोघेही गुपचूप स्वॅब घेऊन आले. पुण्याला आईशी फोनवर बोलताना ती म्हणाली, “एक माणूस ऐकतो गं. तेवढ्यावर निभतं.”

शेवटचा रिपोर्ट न्यायला आला तेव्हा लॅन्सीने वसईहून आणवलेली सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी, टेबलावर ठेवली.

“तुमच्यामुळे माझं घर वाचलं, डॉक्टर.”

“माझं क्लिनिक तुमच्यामुळे वाचलं,” ती म्हणाली. “आणि ते सहा?”

“त्यांची वेगळी सोय केलीय. तुम्ही म्हणालात तशी.”

तो गेल्यावर तिने एक सुकेळं उचलून तोंडात टाकलं. अशी दहा माणसं भेटली तर हा रोग इथून जाईल, असं तिला मनापासून वाटलं.

दोनच दिवसांनी अल मनखूलहून सुजाता नावाची बाई आली. सोबत नऊ वर्षांची मुलगी, केया. तिच्या हातात भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. आत वेटोळं करून पडलेला छोटा अजगर, तोंडाच्या कडेला फेस.

“ही इज जस्ट स्लीपी,” केया म्हणाली.

विभावरीने हातमोजे चढवले. आता ती घाबरत नव्हती; काय करायचं ते ठाऊक होतं.

“कुठल्या दुकानातून घेतलात?”

“दुकानातून कुठला! आमच्या बिल्डिंगमधल्या लॅन्सी सरांनी केयाला वाढदिवसाला दिला. एवढा महागाचा प्राणी, हो! तिच्या पाच मैत्रिणींनाही एकेक दिला त्यांनी. अगदी देवमाणूस.”