विभूतीचं बोट

सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्यावर आलं, तेव्हा त्यांनी लाल फडक्यातली कानडी पोथी पहिल्यांदाच माझ्या हातात दिली. घरातली प्रत्येक गोष्ट ते पोथीला विचारूनच करायचे. डोळे मिटून पान उघडायचं, विभूतीचं बोट टेकवायचं, बोटाखाली येईल तो हुकूम. "मला आता दिसंना झालंय. धाकट्या सुनंनं तुला कानडी शिकवलंय न्हवं? मग वाच की. जाऊ का नको दवाखान्यात?" त्यांनी चाचपडत बोट टेकवलं. मी ते पान उलटलं आणि माझं पान शोधलं. अकरा वर्षांपूर्वी मला कोल्हापुरात नर्सची नोकरी लागली होती. मन जा म्हणत होतं. तेव्हा नंदीचं चित्र असलेल्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले होते, "सुनंनं उंबरा वलांडू नये, असं निघालंय." मला कानडी येत नव्हतं. माझ्या जागी दुसरी रुजू झाली. नंदीच्या पानावर विभूतीचा पांढरा ठसा अजून होता. त्याखाली उंबऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. लिहिलं होतं, 'तुझ्या आतला आवाज हाच तुझा गुरू. तो सांगेल तसं कर.' मी दोनदा वाचलं. "काय म्हणतीया पोथी?" सासऱ्यांनी विचारलं. मी आतला आवाज ऐकला. अकरा वर्षांनी त्याला कंठ फुटला होता. "मामा," मी म्हटलं, "उंबरा वलांडू नये, असं निघालंय."